गुळाच्या वड्यांना 'नक्की घेऊ' म्हणणारे भरपूर, पण गरज दाखवायची कशी?

गूळपोळी_गट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण कोल्हापूरला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. उद्योजकतेच्या पेपरला गटाने एक वस्तू निवडायची, 'ग्राहकाची गरज आणि आपण देतो ते मूल्य' यावर अहवाल लिहायचा आणि सत्र संपायच्या आत थोडी का होईना, खरी विक्री दाखवायची असं आहे.

आमची वस्तू: चहासाठी १० ग्रॅमच्या गुळाच्या वड्या, ५०० ग्रॅमच्या झिपच्या पाऊचमध्ये. कागलकडचं एक गुऱ्हाळ आमच्या साच्यांत गूळ ओतून द्यायला तयार आहे. एमआरपी ८० रुपये धरली आहे. ग्राहक म्हणून चहाच्या टपऱ्या, ऑफिसं आणि घरं असे तिन्ही लिहिलेत. मूल्य म्हणून 'साखरेला आरोग्यदायी पर्याय' असं लिहिलंय.

गूगल फॉर्म फिरवला, तर दहातल्या नऊ जणांनी 'नक्की घेऊ' वर टिक केलं. सर म्हणतात हा पुरावा नाही, पुन्हा करा. पुन्हा म्हणजे नेमकं काय करायचं? कुणाला भेटायचं, काय विचारायचं? आणि ८० रुपये ही किंमत बरोबर आहे की नाही हे कसं ठरवायचं?

---

खडूफळा

सरांचं म्हणणं रास्त आहे. 'घेऊ' वर टिक करायला दमडी लागत नाही. त्यात फॉर्म भरणारे कोण, तर तुमचे मित्र, त्यांच्या ताया आणि मावश्या. गुळाला कोण कशाला नाही म्हणेल? दहातले नऊ हा आकडा अहवालात ठेवूच नका.

पुढे काय कराल हे माणसाला विचारलं की तो चांगलं वाटेल ते सांगतो. मागच्या आठवड्यात काय केलं हे विचारलं की खरं सांगतो. म्हणून सगळे प्रश्न झालेल्या गोष्टींवर ठेवा. घरांसाठी असे विचारा:

घरात आत्ता गूळ आहे का? बघू शकतो का? शेवटचा कधी आणला, कुठून, किती, कितीला? तो कशाकशात गेला? फोडतं कोण आणि कशाने? ठेवता कशात? मागच्या पावसाळ्यात त्याचं काय झालं? चहात कधी गूळ घातलात का, आणि घालायचं सोडलं असेल तर का? गुळाची पावडर कधी आणली होती का, संपल्यावर पुन्हा आणलीत का?

शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे. चहात गूळ घालून पाहिला आणि सोडून दिला अशी घरं शोधा. त्यांनी सोडण्याचं जे कारण सांगितलं, ते तुमची वडी दूर करते का, एवढाच तुमचा प्रकल्प आहे.

बोलताना पाळायच्या गोष्टी: दोघांनी जायचं, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने शब्द न् शब्द लिहायचा. 'गुळाबद्दल सकारात्मक' असं लिहू नका, 'बत्त्याने फोडताना ओट्याखाली उडतो, मग मुंग्या' असं लिहा. पहिली १५ मिनिटं वडीचं नावही काढायचं नाही. नाव काढलं की समोरचा तुमचं मन राखायला लागतो, आणि मग मुलाखत संपली असं समजा. चौघापाचांनी एकदम दारात उभं राहू नका, वर्गणी मागायला आलात असं वाटतं.

टपरी, ऑफिस आणि घर हे तीन वेगळे ग्राहक आहेत, त्यांची गरज एक नाही. एका वर्गातली सहा-सात माणसं झाली आणि नवं काही कानावर येईनासं झालं की तो वर्ग थांबवा. तिन्ही एकत्र करून 'एकूण इतक्या मुलाखती' असा आकडा दाखवलात तर त्यातून काहीच कळणार नाही.

ऑफिसात आणखी एक गुंता आहे. चहा पितो एक, आणतो दुसरा, बिल मंजूर करतो तिसरा. पिणाऱ्याला गूळ हवा असतो. आणणाऱ्या शिपायाला डबे कमी हवे असतात. मंजूर करणाऱ्याला महिन्याचा खर्च वाढायला नको असतो. तिघांना वेगवेगळं गाठा. नाहीतर पिणाऱ्याचं 'वा वा' ऐकून याल आणि ऑर्डर कुणीच देणार नाही.

---

अद्रक_मारके

टपरीचं मी सांगतो. टपरीवर तुमची वडी चालणार नाही, गूळ कितीही चांगला असो.

कारण साधं आहे. टपरीवाला कपाकपाने चहा करत नाही, पातेलंभर करतो. पाच लिटरच्या पातेल्यात तो वड्या मोजत बसणार का? तो मापाच्या डब्याने गोड घालतो. १० ग्रॅमची एकसारखी वडी ही तुमची खुबी, पण ती त्याच्या कामात कुठे बसतच नाही. गुळाचा चहा विकणारे बरेच जण पावडर किंवा तयार प्रीमिक्स वापरतात.

आता पैशाचं बघा. एका कटिंगला ८ ग्रॅम साखर धरली आणि साखर ४४ रुपये किलो धरली, तर गोडाचा खर्च ३५ पैसे. तुमची वडी १६० रुपये किलोने १ रुपया ६० पैसे. सव्वा रुपया जादा. १० रुपयांच्या चहात सव्वा रुपया म्हणजे त्याच्या नफ्यातला मोठा घास. 'गुळाचा चहा' अशी पाटी लावून १५ रुपये घेणारा तो देऊ शकेल, पण त्यालाही ६०-६५ रुपये किलोचा सुटा गूळ मिळतो. मग तो वडी का घेईल?

आणि खरं दुखणं वेगळंच आहे: दूध फाटणं. कुठल्याही टपरीवर जाऊन विचारा, गुळाचा चहा बंद का केला, बहुतेक हेच ऐकाल. गूळ साखरेपेक्षा आंबट असतो, त्यात क्षारही असतात. उकळत्या दुधात तो पडला की दुधातली प्रथिनं गोळा होतात. गूळ जितका जुना आणि पाझरलेला, तितकी आम्लता वाढलेली असते आणि दूध लवकर फाटतं.

तुम्ही सायन्सची मुलं आहात, हे तपासून बघा. चार-पाच गुऱ्हाळांचा गूळ आणा. प्रत्येकी १० ग्रॅम गूळ ९० मिली पाण्यात विरघळवून पीएच घ्या, कॉलेजच्या मीटरवर. मग १५० मिली पाणी, १५० मिली दूध, दोन चमचे चहा आणि २० ग्रॅम गूळ एकत्र टाकून तीन मिनिटं उकळा, गाळा आणि गाळणीत कण किती राहिले ते बघा. दूध सगळ्यांना एकाच पिशवीतलं वापरा, नाहीतर दोष गुळाचा की दुधाचा कळणार नाही. ज्या गुऱ्हाळाचा गूळ या परीक्षेत टिकेल, त्याच्याकडूनच माल घ्या.

पाऊचवर कृतीही छापा. पाणी, चहा आणि गूळ आधी उकळायचं, दूध वेगळं तापवायचं, गॅस बंद करून चहा मिनिटभर निवू द्यायचा, मग दूध ओतायचं आणि पुन्हा उकळी आणायची नाही. या चार ओळी नसतील तर पहिल्याच दिवशी चहा फाटेल आणि गिऱ्हाईक दोष तुमच्या वडीला देईल.

ऑफिसात मुलाखतीआधी एकच गोष्ट बघा: चहा येतो कुठून? बटणाच्या मशीनमधून येत असेल तर प्रीमिक्समध्ये साखर आधीच मिसळलेली असते, तिथून परत फिरा. खालच्या टपरीवरून किटलीत येत असेल तरी तेच. बिनसाखरेचा किंवा काळा चहा येतो आणि गोड ज्याचं त्याने घालायचं असतं, अशा ठिकाणीच वडीला जागा आहे.

---

रवा_सौदा

पोरांनो, मालाच्या बाजूनं चार गोष्टी ध्यानात घ्या.

एक. गुऱ्हाळ वर्षभर चालत नाही. दसरा-दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला बहुतेकांचं बंद होतं. तुम्हाला माल बारा महिने विकायचा असेल तर सहा-सात महिन्यांचा साठा आधीच घ्यावा लागतो. पैसे त्यात अडकून पडतात, वर कोल्ड स्टोरेजचं भाडं. अहवालात ही ओळ कुणी लिहीत नाही.

दोन. आधीच तयार झालेला रवा, म्हणजे गुळाची मोठी ढेप, फोडून, पुन्हा वितळवून वड्या पाडायच्या असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. दुसऱ्यांदा तापवला की रंग काळवंडतो, चव करपट येते आणि पुढे पाणी लवकर सुटतं. काहिलीतून, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतून, उतरवल्यावर तिथेच साच्यात ओतायचा. घट्ट गुळाला साधारण ११८ अंश सेल्सियसला काहिल उतरवतात, पावडरीला १२० ते १२२, काकवीला १०५-१०६. गुळव्या (गूळ करणारा कारागीर) हाताने पारखतो ते ठीक, पण साच्याच्या मालासाठी थर्मामीटर न्या. दोन अंश कमी राहिले तर वडी मऊ होते आणि साच्याला चिकटते, दोन वर गेले तर कडा तुटतात.

तीन. साच्यात सगळ्या वड्या १० ग्रॅमच्या येत नाहीत. कडेच्या कमी भरतात, मधल्या जास्त. साच्यातून काढताना तूटही होते. शंभराला पाच-सहा तरी धरा. ती पावडर म्हणून जाते, पण वेगळ्या भावात.

चार, आणि ही सगळ्यात मोठी. कोल्हापूरचा पावसाळा. गूळ हवेतलं पाणी ओढतो. साधी पातळ पिशवी असेल तर जुलैत वड्या एकमेकींना चिकटून परत ढेप होते. मग गिऱ्हाईक म्हणणार, फोडायचीच होती तर बाजारातून रवाच आणला असता.

याची परीक्षा आत्ताच, कोरड्या दिवसांत घेता येते. झाकण घट्ट बसणारा मोठा डबा घ्या. तळाला मीठ आणि थोडं पाणी कालवून ओला चिखल करून ठेवा. मीठ दिसत राहायला पाहिजे, सगळं विरघळता कामा नये. आत हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास राहते. त्यावर जाळी ठेवून तीन तऱ्हेची पाऊचं ठेवा: एक साधी पॉलिथिनची, एक जाड झिपवाली, एक आतून अॅल्युमिनियमचा थर असलेली. एक उघडी वडीही ठेवा. पंधरा दिवस रोज वजन करा. वजन वाढलं तेवढं पाणी आत गेलं. झिपचं पाऊच एकदा उघडून पुन्हा बंद केलेलंही ठेवा, कारण घरात ते रोज उघडणार आहे. कंपनीचा माणूस 'हवाबंद' म्हणतो ते न उघडलेल्या पाऊचबद्दल.

आता तुमचे ८० रुपये. मी ढोबळ मांडतो, आकडे तुमच्या भावाने बदला. किलोमागे:

साच्यातला गूळ ६५, तूट धरून ६९. दोन पाऊच, लेबलसह ७ प्रमाणे १४. भरणावळ ६. खोका आणि वाहतूक ५. झाले ९४.

एमआरपी किलोला १६०. दुकानदार २० टक्के घेणार म्हणजे ३२. मध्ये वितरक असला तर ८ टक्के, जवळपास १३. तुमच्या हातात ११५. त्यातून ९४ गेले, राहिले २१. परत आलेला, पाझरलेला, फुटका माल ५ टक्के धरा, म्हणजे पावणेसहा रुपये. साठ्यात ६५ रुपये सरासरी चार महिने अडकले, १२ टक्के व्याजाने २ रुपये ६० पैसे. शेवटी किलोला पावणेतेरा रुपये उरतात, आणि यात कोल्ड स्टोरेज, तपासणी, गाडीचं पेट्रोल आणि तुमची मजुरी नाही.

महिन्याला २०० किलो विकलात तर अडीच हजार. पाच जणांत पाचशे-पाचशे.

---

गूळपोळी_गट

पाचशे वाचून गटात शांतता पसरली 😅 पण हिशेब पटला.

टपरी काढून टाकतोय. दोन शंका आहेत. अहवालाच्या नमुन्यात 'बाजारपेठेचा आकार' असा रकाना आहे, तिथे आम्ही महाराष्ट्रातल्या चहा पिणाऱ्यांची संख्या गुणिले वड्या असं करून कोटींचा आकडा काढला होता. तो ठेवावा का? आणि घरातल्या मुलाखतींत फोडण्याची कटकट आणि मुंग्या हेच सारखं येतंय, आरोग्याचं कुणी स्वतःहून फारसं बोलत नाही. मग मूल्य बदलायचं का?

---

खडूफळा

कोटींचा आकडा खोडा. खालून वर मोजा.

ऑफिसचं उदाहरण घ्या. ४० माणसं, दिवसाला दोन कप, महिन्याला २२ दिवस: १,७६० कप. गोड ज्याचं त्याने घालायचं अशी सोय आहे आणि चौथाई लोक गूळ घेतात असं धरा: ४४० कप, म्हणजे ४.४ किलो. वर ज्या २०० किलोचा हिशेब झाला, त्याला अशी ४५ ऑफिसं लागतात. कोल्हापुरात अशी ऑफिसं किती, त्यांतल्या कितींत बटणाचं मशीन नाही, हे तुम्ही फिरून सांगू शकता. 'चौथाई' हा मात्र अंदाज आहे. त्याच्या शेजारी 'अंदाज, तपासायचा आहे' असं लिहा. परीक्षक त्यालाच जास्त गुण देतो, निदान द्यायला हवेत.

मूल्याचं: हो, बदला, आणि यात वाईट वाटून घेऊ नका. मुलाखती त्यासाठीच होत्या. पण घाई करू नका. फोडायची कटकट हे खरं दुखणं आहे, मात्र त्यावर औषध आधीच बाजारात आहे: गुळाची पावडर. तुमची खरी स्पर्धा साखरेशी नाही, रव्याशी नाही, पावडरीशी आहे. पावडर ज्यांनी आणली आणि पुन्हा आणली नाही, त्यांनी काय सांगितलं ते वह्यांतून काढा. पावसाळ्यात गुठळ्या होतात, चमच्याचा अंदाज येत नाही, प्रत्येकाचा चहा वेगळा गोड होतो, असं काही येत असेल तर वडीला तिथे फट आहे. येत नसेल तर वडी ही फक्त दिसायला वेगळी पावडर.

हे बोलून ठरत नाही, विकून ठरतं. असं करा. टेबलावर २०० ग्रॅम वड्या आणि २०० ग्रॅम पावडर, सारख्या पाऊचमध्ये, सारख्या भावाला ठेवा. काही समजावू नका. कोण काय उचलतं ते मोजा. पुढच्या आठवड्यात त्याच ठिकाणी वडीचा भाव १० रुपयांनी चढवा आणि पुन्हा मोजा. वडी उचलणारे तेव्हाही टिकले तर 'वडी असण्याला' लोक पैसे देतात. सगळे पावडरीकडे वळले तर वडीचं मूल्य त्यांच्या लेखी शून्य, पावडरच विका.

पहिल्या फेरीला ५०० ग्रॅमचं पाऊच अजिबात करू नका. रोज चार कप होणाऱ्या घरात ५० वड्या साडेबारा दिवस पुरतात. मध्ये काही दिवस साखरेचाच चहा झाला, दोन दिवस गावी गेले, की तीन आठवडे गेलेच. तुमचं सत्र संपेल आणि दुसऱ्यांदा कोण घेतं हे कळणारच नाही. २०० ग्रॅम म्हणजे २० वड्या, पाच दिवस. दहा दिवसांत दुसरी खरेदी झाली की नाही ते समजतं.

पहिली खरेदी कौतुकाची असते. दुसरी गरजेची. म्हणून फुकट नमुना वाटू नका, ३० रुपये का होईना घ्या. पुन्हा मागवा म्हणून फोनही करू नका. पाऊचवर एक नंबर द्या आणि वाट बघा. विक्रीआधी कागदावर लिहून, तारीख टाकून सरांकडे द्या: '२० घरांपैकी ६ घरांनी १२ दिवसांत स्वतःहून पुन्हा मागवलं तर पुढे जाऊ, ३ पेक्षा कमी असतील तर वस्तू बदलू.' सहाच का? यात शास्त्र नाही, पण आकडा आधी ठरलेला असला की नंतर कुणाला आपल्या सोयीने तो हलवता येत नाही. गटात एक तरी जण 'चार पण चांगलेच की' म्हणणारा निघतोच.

---

वजनकाटा

लेबलाकडे कुणी वळलेलं दिसत नाही, म्हणून लिहितो. विद्यार्थी प्रकल्प असला तरी पॅकबंद खाद्यपदार्थ विकलात की नियम लागू.

एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मूलभूत नोंदणी ऑनलाइन होते, फी वर्षाला १०० रुपये. ती गटातल्या एकाच्या नावावर घ्या आणि पॅकिंग कुठे करता तो पत्ता खरा द्या. पॅकर म्हणून वैधमापन (वजन-मापांच्या) विभागाकडेही नोंदणी असते. काट्यावर त्याच विभागाचा चालू वर्षाचा शिक्का हवा. प्रयोगशाळेतला तराजू कितीही अचूक असला तरी विक्रीच्या मालाला शिक्क्याचाच काटा लागतो.

पाऊचवर: पदार्थाचं नाव, पॅकरचं नाव आणि पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना आणि वर्ष, बॅच, कधीपर्यंत वापरावा, सर्व करांसह एमआरपी, एका ग्रॅमचा दर, तक्रारीसाठी फोन, शाकाहाराची हिरवी खूण, नोंदणी क्रमांक. ५०० ग्रॅम ८० रुपयांना असेल तर ग्रॅमला १६ पैसे असं लिहावं लागतं. लहान पाऊचचा दर चढा असतो आणि तो इथे उघडा पडतो, तेव्हा २०० ग्रॅमची किंमत ठरवताना हा आकडा मनात धरा.

वर वड्यांच्या कमी-जास्त वजनाचं आलं आहे. वडी ९.२ ग्रॅमची निघाली आणि तुम्ही ५० मोजून भरल्या, तर पाऊचमध्ये ४६० ग्रॅम. लेबलवर ५०० असेल तर तो वजनातला गुन्हा. भरायचं वजनाने, मोजून नाही. 

पॅकबंद, लेबल लावलेल्या गुळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. मालाच्या विक्रीला नोंदणीची मर्यादा ४० लाखांची, तिथवर तुम्ही जाणार नाही. पण कागलपासून कर्नाटकातलं निपाणी हाकेच्या अंतरावर आहे. तिकडे पाच पाऊचं जरी विकलीत तरी ती आंतरराज्य विक्री झाली, आणि तिथे ४० लाखांची सूट उरत नाही. सत्रापुरतं सीमेच्या अलीकडेच थांबा.

'साखरेला आरोग्यदायी पर्याय' हे वाक्य तर काढाच. गुळात बहुतांश साखरच असते. १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, गुळात ३८० च्या घरात. 'शुगर फ्री', 'मधुमेहींना चालतो' असलं काही छापलंत तर तो खोटा दावा होईल, आणि कुणी मधुमेही खरंच विश्वासाने खाऊ लागला तर जबाबदारी कुणाची? 'सेंद्रिय' लिहायला प्रमाणपत्र लागतं. 'रसायनमुक्त' लिहिण्याआधी गुऱ्हाळात रंग उजळायला हायड्रॉस (गंधकयुक्त रसायन) टाकतात का ते डोळ्यांनी बघा आणि सल्फर डायऑक्साइडची तपासणी करून घ्या. फिकट पिवळा, चकचकीत गूळ दिसला की आधी शंका घ्यायची.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याचं चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेल्यालाच लावता येतं. गूळ कागलचा आहे एवढ्यावर ते छापता येत नाही.

---

अद्रक_मारके

खडूफळा, घरांवर इतका भर कशासाठी? घराघरांत ३०-३० रुपयांची पाऊचं पोचवताना पेट्रोलच नफा खाऊन टाकतं. केटरर आणि कार्यालयंही बघायला हवीत. लग्नात पाहुण्याला गूळ-पाणी द्यायची पद्धत आहेच. तिथे सुटा गूळ ताटलीत फोडून ठेवतात, माश्या बसतात, हात लागतात. एकेक वडी कागदात गुंडाळलेली असेल तर केटररला ती मोजून घेता येते. ५०० पाहुणे म्हणजे ५ किलो, एका फेरीत, एका बिलात.

---

खडूफळा

मुद्दा चांगला आहे. घरं मी शिकण्यासाठी सुचवली, कारण दुसरी खरेदी तिथे लवकर दिसते. केटररकडे ती दिसायला पुढचा मुहूर्त लागतो. पण गुंडाळायचा खर्च धरा. एका वडीला कागद आणि हात मिळून २५ पैसे जरी पडले तरी किलोला १०० वड्या, म्हणजे २५ रुपये. पाऊचचे १४ वाचतील, दुकानदार आणि वितरकाचे ४५ वाचतील. मग भाव १३० ला आला तरी परवडतं. केटररला हे विचारा: मागच्या लग्नात गूळ किती आणला, किती उरला, उरलेल्याचं काय केलं? बरंच उरत असेल आणि वाया जात असेल, तर 'न उघडलेल्या वड्या परत घेऊ' ही अट वडीपेक्षा जास्त विकली जाईल.

---

गूळपोळी_गट

आम्ही मूल्याचं वाक्य असं केलंय, बघा: 'आधुनिक कुटुंबांसाठी शुद्ध, सोयीस्कर आणि परंपरेशी नातं सांगणारा दर्जेदार गूळ.'

---

खडूफळा

यातलं कुठलं विशेषण स्पर्धक आपल्या पाऊचवर छापू शकणार नाही? एकही नाही. म्हणून सगळी काढा. वाक्यात चार गोष्टी हव्यात: कोण, कोणत्या वेळी, आज काय करून भागवतो, आणि तुमच्यामुळे नेमकं काय टळतं. उदाहरणार्थ: 'चहात गूळ घालणाऱ्या, पण सकाळच्या घाईत रवा फोडायचा कंटाळा येऊन पुन्हा साखरेकडे वळलेल्या घरांसाठी एका कपाला एक वडी, सुरी-बत्ता नको आणि पावसाळ्यात पावडरीसारख्या गुठळ्या नाहीत.'

शेवटचा तुकडा मिठाच्या डब्यातली पंधरा दिवसांची वजनं हातात आल्यावरच लिहा. पाऊच उघडून बंद केल्यावर वड्या चिकटत असतील तर तो खोडा, आणि मुलाखतींतलं 'साखरेकडे वळलेल्या' हे किती घरांनी म्हटलं ते कंसात आकड्यात द्या.

---

रवा_सौदा

आणि गुऱ्हाळवाल्याला साचा देण्याआधी त्याची काहिल किती लिटरची ते विचारा. एका काहिलीत शे-दीडशे किलो गूळ निघत असेल आणि तुम्हाला २० किलोच हवा असेल, तर उरलेला तो रव्यात ओतणार. त्यात तुमचा नंबर शेवटी लागला तर थंड होत आलेला गूळ साच्यात येईल आणि कडा भरणार नाहीत. पहिला ओत तुमचा, हे आधी बोलून घ्या.